तीन वर्षांचे खत

जुनी देणी उकरली जाऊ नयेत म्हणून १८५९च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. सावकाराने त्यातून वाट काढली: मुदत भरत आली की नवे खत, थकलेले व्याज मुद्दलात. व्याज मुद्दलाहून जास्त घेऊ नये, हा दामदुपटीचा नियमही त्यातच बुडाला. नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याला आकडा कोण वाचून दाखवणार? १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दुकाने लुटली गेली. पण त्या उठावात गावोगाव मागितली आणि जाळली गेली ती मुख्यतः खतेच. याला नुसता ‘दंगा’ म्हणणे मला पटत नाही. अखेर १८७९च्या कायद्याने खतामागचा हिशेब पहिल्या रकमेपासून तपासणे न्यायाधीशावर सोपवले.