नसलेल्या तलवारीचें मोल



"बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी" ही म्हण मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविली. जो माल घरीं आलाच नाहीं त्यावरून भांडणें हें वेडेपण, असा तिचा अर्थ मी सांगत असें. परंतु गेल्या पाव शतकांत असा एक बाजार उभा राहिला आहे कीं त्यांतील तुरी कोणत्याहि शेतांत पिकत नाहींत, आणि तरीहि त्या रोख पैशांनीं विकल्या जातात. संगणकावरील खेळांत दिसणाऱ्या तलवारी, चिलखतें, नाणीं व घरें यांच्या खरेदीविक्रीविषयीं मी बोलत आहें.

१९९७ सालीं अमेरिकेंत 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ निघाला. हजारों माणसें आपापल्या घरीं बसून इंटरनेटच्या द्वारें एकाच काल्पनिक राज्यांत वावरूं लागलीं. तेथें घर बांधावयाचें तर जागा मर्यादित. सोनें मिळवावयाचें तर तासन्‌तास कष्ट. एकापाशीं वेळ आहे पण पैसा नाहीं, दुसऱ्यापाशीं पैसा आहे पण वेळ नाहीं. अशीं दोन माणसें समोरासमोर आलीं कीं बाजार भरतोच. लवकरच हीं घरें व हें सोनें 'ईबे' या लिलावाच्या पेठेंत डॉलरांना विकलें जाऊं लागलें.

१९९९ सालीं आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळांत हा व्यापार अधिकच फोफावला. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञानें २००१ सालीं त्यांतील 'नॉरॅथ' या काल्पनिक देशाचा जमाखर्च मांडला. दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर निघालें. म्हणजे जगांत ७७ वा क्रमांक, रशिया व बल्गेरिया यांच्या दरम्यान! खेळाच्या मालकांना मात्र हा व्यापार रुचला नाहीं. खेळांतील प्रत्येक वस्तु आमचीच, असें त्यांचें म्हणणें. आणि त्यांच्या मागणीवरून ईबेनें त्याच वर्षीं तिची विक्री बंद केली.

वस्तु खरोखर कोणाची, हा प्रश्न येथें उभा राहिला. तो किती दाहक आहे हें शांघाय शहरांत दिसून आलें. 'लेजंड ऑफ मीर ३' या खेळांत मिळालेलें एक दुर्मिळ खड्ग एका खेळाडूनें ओळखीच्या दुसऱ्या खेळाडूस वापरावयास दिलें. त्यानें तें परस्पर ७,२०० युआनला विकलें. पहिला पोलिसांकडे गेला. पण असल्या वस्तूस कायद्याचें संरक्षण नाहीं, असें उत्तर मिळालें. तंट्याचा शेवट खुनांत झाला. २००५ सालीं न्यायालयानें खुन्यास मृत्युदंड सुनावला व त्याची अंमलबजावणी दोन वर्षें स्थगित ठेवली. खुनाचें समर्थन कोणीच करणार नाहीं. तथापि दाद मागण्याचें दार बंद असलें म्हणजे रागास कोणती वाट सांपडते, हें यांतून कळतें.

हॉलंडांत निराळें घडलें. २००७ सालीं लेउवार्डेन येथें दोन मुलांनीं तेरा वर्षांच्या एका मुलास मारहाण करून, चाकूचा धाक घालून, 'रुनस्केप' या खेळांतील त्याचा ताईत व मुखवटा आपल्या नांवावर करून घेतला. या वस्तु अस्तित्वांतच नाहींत, मग चोरी कशाची, असा बचाव झाला. ३१ जानेवारी २०१२ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. मुलानें वेळ व श्रम खर्च केले होते, वस्तु त्याच्या ताब्यांत होत्या. तेव्हां ही चोरीच होय, असा निर्णय झाला. पुढें २०२१ पासून अंमलांत आलेल्या चिनी दिवाणी संहितेंतहि आभासी संपत्तीचा उल्लेख आला.

दरम्यान मालकांनीं धोरण बदललें. 'डायाब्लो ३' या खेळांत कंपनीनें २०१२ सालीं स्वतःच खऱ्या पैशांचें लिलावघर उघडलें. पण पराक्रमानें मिळवावयाचें शस्त्र पैशानें मिळूं लागल्यावर खेळांत राम उरला नाहीं, व २०१४ सालीं तें बंद करावें लागलें. आतां बहुतेक खेळांत मालकच दुकानदार आहे. करारांत मात्र लिहिलेलें असतें कीं ग्राहकास वस्तु विकलेली नसून ती वापरण्याची केवळ परवानगी दिली आहे. खेळ बंद पडला कीं सारेंच नाहींसें होतें.

माझ्या नातवानें मध्यंतरीं खाऊचे पैसे सांठवून आपल्या खेळांतील योद्ध्यास अंगरखा घेतला. मीं रागावलों नाहीं; त्याला तो करार वाचावयास लावला. वाचून तो बराच वेळ गप्प होता. माझ्या जुन्या म्हणीचा नवा अर्थ त्याला उमगला असावा: येथें पैसे देऊनहि तुरी बाजारांतच राहतात.