कुंपणाबाहेरचे प्रेक्षक

फुलंब्रीला रेल्वे नाही. मुंबई गाठायची तर आधी अजिंठ्याकडून येणाऱ्या रस्त्याने छत्रपती संभाजीनगर आणि तिथून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस. सकाळी गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते. महापालिकेची इमारत ओलांडली की आझाद मैदान सुरू होतं आणि मैदानाच्या दक्षिण टोकाला, फॅशन स्ट्रीटच्या दुकानांजवळ, बॉम्बे जिमखान्याची उतरत्या छपराची इमारत दिसते. स्थापना १८७५. महाराष्ट्रात रग्बीचा सामना पाहायला जायचं म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या याच मैदानाचं नाव निघत आलं आहे.

सामन्याचा हंगाम पावसाळ्यातला. क्रिकेटची खेळपट्टी विश्रांती घेत असते, गवत घोट्याएवढं आणि जमीन मऊ. ‘एच’ आकाराचे गोलखांब रोवले जातात. सदस्य व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर बसतात. बाकीची मुंबई कुंपणाशी उभी राहते. कुणी ऑफिसातून निघून लोकलकडे चाललेला, कुणी आझाद मैदानावर क्रिकेट खेळून किट खांद्याला लावलेला पोरगा, कुणी खरेदीला आलेलं कुटुंब. नियम ठाऊक नसले तरी पाय तिथे थबकतात, कारण समोर पंधरा-पंधरा जण चिखलात एकमेकांवर तुटून पडलेले असतात.

मराठवाड्यातल्या माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला कडं करून उभं राहण्याची सवय त्याला लहानपणापासूनची, आणि चढाईला आलेल्या गड्याचा घोटा धरून त्याला लोळवणारी पकड त्याने गावच्या कबड्डीत शेकडो वेळा पाहिलेली. रग्बीतलं टॅकल त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. उरलेलं थोडं समजून घ्यावं लागतं. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, फक्त बाजूला किंवा मागे द्यायचा. पुढे न्यायचा तर छातीशी धरून पळायचं किंवा लाथेने मारायचा. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, म्हणजे पाच गुण. मग आडव्या दांड्यावरून लाथेने चेंडू पार केला की आणखी दोन. आठ-आठ गडी खांदे अडकवून एकमेकांना रेटतात तो स्क्रम. एवढ्यावर पूर्ण सामना पाहता येतो.

त्या कुंपणाला मात्र इतिहास आहे, आणि तो रग्बीच्या आधीपासून सुरू होतो.

मुंबईच्या फोर्टाभोवती एकेकाळी तटबंदी होती. तटावरच्या तोफांना समोरचं दिसावं, शत्रूला आडोसा मिळू नये, म्हणून बाहेरची जमीन मोकळी ठेवलेली असे. तीच एस्प्लनेड. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज अशा तुकड्यांत उरलेलं हिरवं मुंबईपण या लष्करी हिशेबातून वाचलं आहे. १८५७ च्या ऑक्टोबरात सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना याच मोकळ्या जागेत तोफेच्या तोंडी दिलं गेलं. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडला गेला, आणि फौजेची जमीन हळूहळू खेळाची झाली. जमीन मोकळी होती, पण सगळ्यांना सारखी मोकळी नव्हती.

१८७५ साली उभा राहिलेला जिमखाना युरोपियनांसाठी होता. त्याच परिसरात पारशी आणि हिंदू मुलं क्रिकेट खेळत, आणि जिमखान्याचे साहेब आठवड्यातून दोनदा पोलोची घोडी घेऊन त्याच गवतावर उतरत. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कसाही उसळे. १८८१ मध्ये देशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केला: पोलो दुसरीकडे हलवा. काही काळ सरकारने ऐकलं, मग जिमखान्याच्या आग्रहापुढे निर्णय फिरवला. या झगड्याची हकिकत शापुरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात तपशिलाने लिहून ठेवली आहे. मुंबईच्या क्रीडा-इतिहासातलं हे अतिशय महत्त्वाचं पान आहे. ज्यांच्याकडे घोडी नव्हती, राज्य नव्हतं, त्यांनी एका मैदानाच्या गवतासाठी अर्जावर अर्ज केले. पुढे पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रकिनाऱ्याकडे वेगवेगळ्या जागा मिळाल्या. मरीन ड्राइव्हवरून जाताना आज त्या ओळीने दिसतात. धर्मावर वाटलेली ती मैदानं या भांडणानंतरची.

रग्बी हिंदुस्थानात आलं ते याच सुमारास, आणि पहिल्यांदा कलकत्त्याला. १८७२ च्या नाताळच्या दिवशी तिथल्या इंग्रजांनी एक सामना खेळला: एकीकडे इंग्लंड, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सची माणसं. महिन्याभरात क्लब निघाला. पण फुकटचं मद्य बंद झाल्यावर सदस्य पांगले, उकाड्यात पोलो आणि टेनिस जास्त मानवू लागले, आणि १८७८ मध्ये क्लब गुंडाळायची वेळ आली. उरलेले पैसे त्यांनी बँकेतून चांदीच्या रुपयांत काढले आणि ते २७० रुपये वितळवून चषक घडवला. त्याच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग, आणि झाकणावर हत्ती. चषक लंडनच्या रग्बी युनियनला दिला गेला, आणि १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी लढतात. आजही फेब्रुवारी-मार्चमध्ये एडिंबरो किंवा लंडनमधल्या ट्विकेनहॅमच्या भरगच्च स्टेडियमात तो सामना होतो. आणि त्या हजारोंच्या गर्दीपुढे दोन्ही संघ ज्या ‘कलकत्ता कप’साठी लढतात, त्या मूळ चषकात आपल्याकडच्या रुपयांची चांदी आहे.

मुंबईत खेळ टिकला त्याला दोन कारणं होती: कुलाब्याची फौज आणि पावसाळा. पलटणी येत-जात, तशी खेळाडूंची नवी खेप येई. शिवाय बंदरातली जहाजं आणि व्यापारी पेढ्यांतले तरुण साहेब. औरंगाबादलाही छावणी होती, तो भाग अजून छावणी याच नावाने ओळखला जातो. पण रग्बीला दोन संघांचे तीस गडी आणि पडलं तरी हाड न मोडणारी जमीन लागते. दख्खनच्या कातळी, उन्हाने तडकलेल्या जमिनीवर हॉकी होते, कुस्तीसाठी आखाडा उकरता येतो. रग्बीला मात्र मुंबईचा जूननंतरचा चिखलच हवा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अखिल भारतीय रग्बी स्पर्धा सुरू झाली आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत खेळली जाऊ लागली. पलटणींचे संघ उतरत, सिलोनहूनही संघ येत. हा सगळा खेळ साहेबांचा साहेबांशी होता.

त्याच मैदानावर क्रिकेटने मात्र कुंपण आधी ओलांडलं. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने जिमखान्याच्या मैदानात युरोपियनांना हरवलं. त्या विजयात डावखुऱ्या फिरकीचा मोठा वाटा उचलणारे पळवणकर बाळू जातीने चांभार होते. क्रिकेटची धुळाक्षरं त्यांनी पुण्यात साहेबांच्या क्लबात मैदान राखता राखता गिरवली होती. डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामनाही इथेच झाला. सी. के. नायडू कर्णधार, समोर डग्लस जार्डिनचा इंग्लंड. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या, भारतीयाचं पहिलं कसोटी शतक. सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला. तंबू आणि तात्पुरत्या मांडवांनी वेढलेल्या त्या मैदानावर भारतीयांची जी गर्दी लोटली होती, तिच्यातल्या कुणालाही एरवी जिमखान्याचं सदस्यत्व मिळणं शक्य नव्हतं. ही गोष्ट त्या शतकाइतकीच लक्षात ठेवायला हवी.

१९४७ नंतर पलटणी गेल्या. रग्बी संपायलाच हवं होतं, पण संपलं नाही. कलकत्त्यात आणि मुंबईत क्लबांनी ते धरून ठेवलं, लष्कराच्या आणि पोलिसांच्या संघांनी अंगमेहनत पुरवली, आणि अखिल भारतीय स्पर्धा चालू राहिली. तरी अनेक दशकं देशाचा म्हणून संघ नव्हता. तो पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला १९९८ मध्ये. त्या संघात अभिनेते राहुल बोस होते. ते जिमखान्याच्याच मैदानावर घडलेले खेळाडू, आणि पुढे रग्बी इंडियाचे अध्यक्ष झाले.

शेजारी याच काळात मराठी माणसाच्या पकडीच्या खेळाने वेगळा प्रवास केला होता. हुतूतूचे, म्हणजेच कबड्डीचे, नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात बांधले गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीचं प्रदर्शन केलं. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. या खेळाला साहित्य लागलं नाही, गवत लागलं नाही, क्लबाचं सदस्यत्व लागलं नाही. रग्बीच्या शंभर वर्षांत जे झालं नाही ते कबड्डीने गावोगावच्या मातीत करून दाखवलं. आणि नेमकी हीच माती आता रग्बीला खेळाडू पुरवते आहे: भारतीय रग्बीत गेल्या दोन दशकांत आलेली मुलं-मुली मोठ्या संख्येने ओडिशा, बिहार, बंगाल, महाराष्ट्रातल्या साध्या घरांतली आहेत. खाली वाकून पाय धरायला त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

मुलींचा भाग सर्वांत वेगाने घडला. भारतीय महिलांचा पंधरा जणींचा संघ पहिल्यांदा २०१८ मध्ये सिंगापूरला खेळला. कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा. पुढच्याच वर्षी फिलिपाइन्समध्ये या संघाने सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. निर्णायक पेनल्टी ओडिशाच्या सुमित्रा नायकने मारली. भारतीय महिलांचा पंधरा जणींच्या रग्बीतला तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. ज्या खेळाच्या व्हरांड्यात भारतीय पुरुषालाही खुर्ची नव्हती, त्या खेळात एका आदिवासी मुलीच्या लाथेवर देशाचा निकाल ठरला. मुंबईच्या रग्बीचा इतिहास लिहिताना ही नोंद परिशिष्टात ढकलता येणार नाही. ती मध्यभागी हवी.

आणि मग जून २०२५. रग्बी प्रीमिअर लीगचा पहिला हंगाम मुंबईतच झाला, पण फोर्टात नव्हे, अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात. सहा संघ, प्रत्येकी सात खेळाडू मैदानावर, चार मिनिटांची चार सत्रं. पंधरा जणांचा पूर्ण सामना ८० मिनिटांचा असतो. इथे सोळा मिनिटांत निकाल. फिजी, न्यूझीलंड, अर्जेंटिना अशा देशांचे नावाजलेले खेळाडू आणि भारतीय मुलं एका संघात होती. अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झला ४१-० असं हरवलं. सामन्याच्या दिवशी अंधेरीला जाणं आणि जिमखान्याला जाणं यांत फरक आहे तो बसण्याच्या जागेचा. इथे सिमेंटच्या पायऱ्यांचा गोल आहे, दिवे आहेत, तिकीट घेतलेला कुणीही कुणाच्याही शेजारी बसतो. मेट्रोने आझादनगर गाठायचं आणि चालत फाटकात शिरायचं. ट्राय झाल्यावर पहिल्यांदाच आलेला प्रेक्षक शेजाऱ्याला ‘आता काय?’ विचारतो आणि शेजारी गोलखांबाकडे बोट दाखवतो.

सोळा मिनिटांच्या खेळात जुन्या स्क्रमची रेटारेटी जवळजवळ हरवते, आणि ते नुकसान खरं आहे. आठ जणांनी खांदे भिडवून चिखलात इंचाइंचाने पुढे सरकणं, हे पाहण्यासाठी अजून पावसाळ्यात आझाद मैदानाच्या टोकालाच जावं लागतं. पण प्रसाराच्या दृष्टीने सात जणांचा खेळ मराठवाड्याला सोयीचा आहे. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार आहे. संघ उभा करायला पंधरा नको, बारा खेळाडू पुरतात. लागतं ते १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, दगड वेचलेलं, गवत धरलेलं मैदान. राज्याने तालुका क्रीडा संकुलांची योजना आखून बरीच वर्षं झाली. फुलंब्रीसारख्या तालुक्यात चढाई-पकड करणारी पोरं आहेत, आणि पोलीस व सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी तर गावोगाव आहेत. त्यांना रस्त्याऐवजी गवत मिळावं, ही १८८१ च्या अर्जातलीच मागणी आहे. फरक एवढाच की आता अर्ज ज्या सरकारकडे करायचा ते त्यांचं स्वतःचं आहे.