चित्र, ध्वनी आणि गुप्तता : प्रोसेसरची घडण

संगणकावर चित्रपट पाहणे आणि बँकेचा व्यवहार गुप्त ठेवणे, ही दोन कामे वरकरणी अगदी भिन्न वाटतात. प्रोसेसरच्या दृष्टीने मात्र ती सारखीच आहेत. दोन्हींत माहितीच्या लहान तुकड्यांवर तीच ती साधी क्रिया लक्षावधी वेळा करावी लागते. आणि सर्वसाधारण प्रोसेसर घडवलेला असतो मोठ्या संख्यांसाठी.

१९९४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या पीए-७१००एलसी या प्रोसेसरमध्ये 'मॅक्स' नावाच्या मोजक्या बहुमाध्यम आज्ञा घातल्या. रुबी ली या त्यामागील प्रमुख रचनाकार. ३२ बिटांच्या एका शब्दात १६ बिटांच्या दोन संख्या बसवून दोन्हींची बेरीज एकदम करायची, ही त्यातील युक्ती. स्वतंत्र चिप न लावता चलच्चित्र दाखवणे त्यामुळे शक्य झाले. १९९७ मध्ये इंटेलच्या 'एमएमएक्स'ने ५७ आज्ञा आणल्या आणि एका वेळी आठ बाइटांवर काम होऊ लागले. या आज्ञांमधील 'संपृक्त' बेरीज मोठी मार्मिक आहे. २५० तेजाच्या चित्रबिंदूत १० मिळवले, तर आठ बिटांच्या नेहमीच्या गणितात उत्तर ४ येते, म्हणजे उजळ ठिपका काळा पडतो. संपृक्त बेरीज २५५ वर थांबते.

गुप्ततेचे प्रकरण अधिक नाजूक. अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेली 'एईएस' ही कूटलेखनपद्धती १६ बाइटांच्या गठ्ठ्यावर चालते. ती वेगाने चालावी म्हणून प्रोग्रॅमर स्मृतीत कोष्टके ठेवत. कोष्टकातील कोणते घर उघडायचे, हे गुप्त किल्लीवर अवलंबून असते. ते घर जवळच्या कॅश स्मृतीत असेल तर उत्तर चटकन मिळते, नसेल तर उशीर होतो. हा उशीर मोजणाऱ्याला किल्लीचा सुगावा लागतो! डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये हे दाखवले. त्याच सुमारास ओस्विक, शमीर आणि ट्रोमर यांनी लिनक्सच्या कूटबद्ध डिस्कची किल्ली अवघ्या ६५ मिलिसेकंदांच्या मोजमापांवरून काढली. गणित अभेद्यच होते. फुटले ते यंत्र.

इंटेलने २०१० मध्ये एईएससाठी सहा खास आज्ञा दिल्या. कूटलेखनाची एक संपूर्ण फेरी एका आज्ञेत होते. वेग वाढला, याचीच चर्चा अधिक झाली. कोष्टकेच नाहीशी झाल्याने वेळेवरून होणारी ती गळती थांबली, हा लाभ त्याहून मोठा होता.

कमी किमतीच्या कित्येक फोनमध्ये मात्र अशा आज्ञा नव्हत्या. एआरएमच्या कॉर्टेक्स-ए७ वर एईएस इतके मंद चाले, की साठवलेली माहिती कूटबद्ध करण्याच्या अटीतून अँड्रॉइडने अशा फोनांना सूट दिली होती. म्हणजे स्वस्त फोन हरवला, तर त्यातील माहिती उघडी. फेब्रुवारी २०१९ मध्ये गूगलने त्यांच्यासाठी 'अ‍ॅडियँटम' ही पद्धत जाहीर केली. तिचा मुख्य भार बर्नस्टाइन यांच्याच 'चाचा' पद्धतीवर आहे. तीत कोष्टके नाहीत. केवळ बेरीज, बिटांचे चक्राकार सरकवणे आणि एक्सऑर. आणि या क्रिया कॉर्टेक्स-ए७ मध्ये झपाट्याने करतो तो 'निऑन' हा भाग, जो मुळात चित्र आणि ध्वनी यांच्यासाठी बसवलेला होता.