दिवाळीचा एक जोड : वऱ्हाडच्या विद्यार्थ्याच्या कपड्यांची गोष्ट

दसऱ्याच्या सुमारास ऑनलाइन सेल सुरू झाला की अमरावती आणि अकोल्याच्या वसतिगृहांत मध्यरात्रीपर्यंत दिवे चालू राहतात. पाचशेचा टी-शर्ट, हजाराची जीन्स, आणि चार दिवसांत पार्सल दारात. याच विद्यार्थ्यांच्या आजोबांना शाळेत असताना वर्षाला बहुधा कपड्यांचा एकच नवा जोड मिळत असे. तो दिवाळीला शिवला जाई, आणि शिवला जाणार की नाही हे शेतातला कापूस ठरवी.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. तरीही गेली दीडशे वर्षे इथल्या विद्यार्थ्याच्या अंगावरचे कापड बहुतेक वेळा बाहेरून आलेले आहे. हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी १८५३ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात द्यावा लागला. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना, आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीकडे इंग्लंडचे लक्ष वळले. भाव कडाडले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत रूळ गेले.

या गाड्या मुंबईकडे गाठी घेऊन जात आणि येताना कापडाचे तागे आणत.

तोवर गावातल्या मुलाच्या अंगावर गावातलेच कापड असे. बाया सूत काढत, आणि कोष्टी, महार, मोमीन विणकर जाडेभरडे पण टिकाऊ कापड विणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस या विणकरांविषयी जे मांडले ते मुळातून समजून घेण्याजोगे आहे. विलायती कापड स्वस्तात पोहोचले तर देशी माग थांबतील, मागांना लागणारी रुई निर्यातीला मोकळी होईल आणि विणकरांचे हात शेतीला मिळतील, असा त्यांचा हिशेब होता. हा नंतरच्या राष्ट्रवादी लेखकांनी केलेला आरोप नाही. ज्याच्याकडे कापसाचे खाते होते त्या अधिकाऱ्यानेच हे सरकारी अहवालात लिहिले आहे. पुढे बऱ्याच अंशी तसे घडलेही.

विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेत जाणाऱ्या मुलाचा वेश असा असे : धोतर किंवा लहान वयात चड्डी, वर सदरा किंवा बंडी, आणि डोक्याला टोपी. पायांत बहुधा काही नसे. बोडक्या डोक्याने मास्तरांसमोर उभे राहणे हा उर्मटपणा मानला जाई. त्यामुळे सदऱ्याला ठिगळ असले तरी चाले, टोपी मात्र लागे. शाळेत जाणाऱ्या मुली थोड्या. त्यांच्या वाट्याला अनेकदा आईच्या जुन्या लुगड्यातून बेतलेला परकर येई. नव्या कापडावर आधी मुलांचा हक्क, हा तेव्हाच्या घराचा अलिखित कायदा होता.

खरेदीचा काळ पंचांगापेक्षा पिकावर ठरे. कापसाची पेरणी पहिल्या पावसाला होई आणि वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होई. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करण्याची वऱ्हाडी चाल आजही अनेक गावांत आहे. शेताच्या कोपऱ्यात पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच पांढऱ्या बोंडाला हात लावतात. पण वेचलेला कापूस बाजारात जाऊन पैसा हाती येईपर्यंत दिवाळी उलटूनही जाई. कपडे तर सणाआधी हवेत.

यावर उपाय म्हणजे उधारी. शेतकरी तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात जाई. मालक गादीवर बसलेला असे, मुलांना ओळीने उभे केले जाई, आणि एकाच ताग्यातून सगळ्या भावांसाठी कापड फाडले जाई. मांजरपाट, लठ्ठा, हरक, चड्डीसाठी खाकी ड्रिल, मुलींसाठी छीट. रक्कम वहीत मांडली जाई आणि कापूस विकल्यावर फिटे. अनेक ठिकाणी कापड विकणारा, व्याजाने पैसे देणारा आणि कापूस घेणारा ही एकाच पेढीची माणसे असत. मग कापसाचा भाव, कापडाची किंमत आणि व्याजाचा दर या तिन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिल्या जात. वही लिहिणारा हात शेतकऱ्याचा नसे.

तिथून कापड शिंप्याकडे जाई. शिवणयंत्रे तोवर बाजारपेठेच्या गावांत आली होती. सिंगर कंपनी ती हप्त्यानेही विकत असे. बापाची सूचना ठरलेली असे : वाढत्या अंगाचे शिवा. म्हणून दिवाळीच्या दिवशी बाह्या मनगटाखाली लोंबत, चड्डी गुडघ्याखाली येई आणि आतल्या बाजूला पुढच्या वर्षी सोडायची दुमड ठेवलेली असे. पाडवा, भाऊबीज संपली की तोच जोड शाळेचा होई. रात्री धुवायचा आणि सकाळी वाळला असो वा नसो, अंगात घालायचा. सणाचे आणि रोजचे असे दोन वेगळे कपडे असणे ही सुखवस्तू घरची गोष्ट होती.

याच काळात कापडाला राजकीय अर्थ आला. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. त्यामुळे वंगभंगानंतर स्वदेशीची हाक इथल्या शिकलेल्या घरांत लवकर पोहोचली. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. ती पेटवण्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात शिकत होते. त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. दसरा-दिवाळीच्या खरेदीचे दिवस होते ते, आणि कोणते कापड घ्यायचे हा प्रश्न पहिल्यांदाच विद्यार्थ्याला स्वतःचा वाटला. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला. असहकाराच्या काळात खादीची पांढरी टोपी डोक्यावर ठेवून वर्गात येणे ही उघड भूमिका घेणे होते.

मात्र वर्षाला एकच जोड मिळणाऱ्या मुलाने होळीत काय टाकायचे, हा प्रश्न त्या काळच्या भाषणांत फारसा येत नाही. तेव्हाची खादी गिरणीच्या कापडापेक्षा महाग आणि जाड असे. ज्याच्याकडे दुसरा सदरा होता, त्यालाच पहिला जाळणे परवडणारे होते.

१९२३ मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. तेच आजचे शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेचे महाविद्यालय. कॉलेज आले तसा कोट, पाटलोण आणि बूट यांचा प्रश्न आला. शहरातल्या वकिलांच्या मुलांना तो प्रश्न नव्हता. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला होता. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख एडिनबरा आणि ऑक्सफर्डला शिकून परतले, आणि १९२० च्या दशकातच त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे केले. तिथे सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता येई. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. फीइतकेच राहणे, जेवण आणि कपडे हेही खेड्यातल्या मुलाच्या शिक्षणातले अडसर आहेत, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते.

दुसरी व्यक्ती याच जिल्ह्यातली. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, आयुष्यभर चिंध्या जोडून शिवलेला वेश वापरत. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. कीर्तनातून ते सांगत : हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला कमी भावाचे लुगडे घ्या, पण मुलांना शिकवल्यावाचून राहू नका. घरात वर्षाला मोजके रुपये येतात आणि त्यांतून कापड किंवा शाळा यांपैकी एकच निवडायचे आहे, हे ओळखून दिलेला तो सल्ला होता. त्यात काटकसरीचा पहिला वाटा बाईच्या लुगड्यावर पडतो, हे मात्र आजच्या वाचकाला खटकेल, आणि ते रास्तही आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव मिळाले. चिंध्या पांघरणाऱ्या माणसाच्या नावाने आज पदवीदानाचे झगे घातले जातात.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि वह्यांतली उधारी फुगत गेली. त्यापाठोपाठ महायुद्ध आले. गिरण्यांचे बरेच कापड लष्कराकडे वळले, बाजारात टंचाई झाली आणि काळाबाजार माजला. जून १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणले. किमती कापडावरच छापण्याची सक्ती झाली. त्या पिढीच्या बोलण्यात 'कंट्रोलचं कापड' हा शब्द कायमचा राहिला. जानेवारी १९४८ मध्ये नियंत्रण उठले, भाव लगेच भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लावावे लागले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दिवाळ्यांची खरेदी अशी शिक्के पाहून आणि रांगा लावून झाली.

आजच्या सेलचा जुना पूर्वज शोधायचा तर तो खादी भांडारात सापडतो. गांधी जयंतीपासून खादीवर 'रिबेट' मिळे. दोन ऑक्टोबरची वाट पाहून सदऱ्याचे कापड घेणारे शिक्षक आणि विद्यार्थी गावोगाव होते. वर्षातल्या ठरावीक दिवशी, ठरावीक सवलत, आणि तीही सणाच्या तोंडावर. मात्र या सवलतीचा भार सरकारी तिजोरी उचलत असे, आणि हेतू सूतकताई व विणकाम करणाऱ्यांना काम मिळावे हा होता.

१९६० च्या दशकात टेरिलीन आले आणि मागोमाग टेरिकॉट. इस्त्रीची कटकट नाही, रात्री धुतले की सकाळी वाळलेले, आणि वर्षानुवर्षे न फाटणारे. एका जोडावर वर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यासाठी यासारखे वरदान नव्हते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या अकोल्यात ते अंगाला चिकटे, तरीही हवे असे. कापूस पिकवणाऱ्याच्या मुलाची हौस टेरिकॉटच्या पँटची होती, यात विसंगती दिसली तरी त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता.

१९७२ पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा. भाव ठरलेला असल्याने व्यापाऱ्याच्या मनमानीतून सुटका झाली, पण पैसे हप्त्यांनी येत. बैलगाड्यांच्या रांगा, ग्रेडरचा शेरा आणि चुकाऱ्याची वाट हे त्या दशकांचे चित्र आहे. नवे कपडे, वह्या, परीक्षेची फी हे सगळे 'चुकारा आला की' या तीन शब्दांवर थांबलेले असे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोलाही होते. कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्या. त्या घरांतली मुले तेव्हा शाळा-कॉलेजांत होती.

दरम्यान तयार कपडे आले, आणि एका ताग्यातून भावांचे सदरे बेतणे संपले. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे' झाला. तेव्हापासून जवाहर गेटच्या किंवा अकोल्याच्या गांधी रोडवरच्या दुकानदाराचा स्पर्धक फोनच्या पडद्यावर आहे.

सेलमधल्या त्या पाचशेच्या सुती टी-शर्टचा हिशेब मांडून पाहता येतो. टी-शर्टचे वजन सुमारे २०० ग्रॅम. सूतगिरणीतली घट धरली तर त्याला साधारण २३० ग्रॅम रुई लागते. १०० किलो कापसातून रेचाईनंतर सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे एका टी-शर्टमागे पाऊण किलोपेक्षा थोडा कमी कापूस. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या दराने शेतकऱ्याला मिळतात पन्नास रुपयांच्या आसपास. इथली बरीच रुई तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत जाते आणि तिरुप्पूरला शिवून परत येते. रिव्हेट-कार्नॅकच्या काळातला प्रवास मँचेस्टरपर्यंतचा होता, एवढाच फरक.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. शेतातला कापूस ते तयार कपडा ही साखळी एकाच ठिकाणी आणण्याची ती योजना आहे.

सेलचा हंगाम मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरचाच राहिला आहे. पहिल्या वेचणीचा कापूस तेव्हा ओलसर असतो. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतलाच जात नाही. त्यामुळे बाप कापूस अंगणात वाळत घालून भावाची वाट पाहत असतो, आणि वसतिगृहातला मुलगा त्याच रात्री 'आता घ्या, नंतर पैसे द्या' या पर्यायावर बोट ठेवतो.