द एव्हिएटर

हॉवर्ड ह्यूज (१९०५–७६) या अमेरिकन उद्योगपती, चित्रपटनिर्माता व वैमानिकाच्या जीवनावरील इंग्रजी चरित्रपट (२००४). दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी. पटकथा जॉन लोगन. अवधी १७० मिनिटे. लिओनार्डो डीकॅप्रिओ (ह्यूज), केट ब्लँचेट (कॅथरिन हेपबर्न), ॲलेक बॉल्डविन (पॅन अ‍ॅम या विमानकंपनीचे प्रमुख ह्वान ट्रिप) व ॲलन ॲल्डा (सेनेटर ओवेन ब्रूस्टर) यांच्या प्रमुख भूमिका.

कथानक : काळ मुख्यतः १९२७ ते १९४७. ‘हेल्स एंजल्स’ (१९३०) या युद्धपटाच्या चित्रीकरणापासून आरंभ. आकाशात ढग नसतील तर विमानाचा वेग पडद्यावर जाणवत नाही, म्हणून ह्यूज ढगांची वाट पाहत चित्रीकरण थांबवून ठेवतो. पुढे टीडब्ल्यूए या विमानकंपनीची मालकी, हेपबर्न व एव्हा गार्डनर या अभिनेत्रींशी संबंध आणि अस्वच्छतेच्या अनिवार भीतीतून बळावणारा मंत्रचळ हे धागे एकत्र येतात.

विमाने : चित्रपटाचा गाभा येथेच आहे. १९३५ मध्ये एच-१ या विमानातून ह्यूजने ताशी सु. ५६७ किमी. वेगाचा विक्रम केला. इंधन संपल्याने विमान बीटच्या शेतात उतरवावे लागले. ७ जुलै १९४६ रोजी एक्सएफ-११ या टेहळणी विमानाच्या उजव्या इंजिनाच्या पंख्यात तेलगळतीमुळे बिघाड झाला व ते बेव्हर्ली हिल्समधील घरांवर कोसळले. या प्रसंगाचे चित्रण अंगावर येणारे आहे. हर्क्युलिस ही आठ इंजिनांची, मुख्यतः बर्चच्या लाकडाची उडती नौका, पंखविस्तार सु. ९७.५ मी. तिचे एकमेव उड्डाण २ नोव्हेंबर १९४७ रोजी लाँग बीच येथे झाले. उड्डाणदृश्यांसाठी दूरनियंत्रित मोठ्या प्रतिकृतीही वापरल्या.

हवाई मार्गांचा वाद : अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा मक्ता एकाच कंपनीकडे असावा, असे विधेयक ब्रूस्टर यांनी पुढे केले होते, त्याचा लाभ पॅन अ‍ॅमला होणार होता. १९४७ मध्ये सेनेटने केलेल्या आपल्या चौकशीत ह्यूजने ब्रूस्टर यांच्यावर प्रतिहल्ला चढवला आणि विधेयक बारगळले. प्रवासी विमानवाहतूक यंत्रांइतकीच परवान्यांवर उभी राहिली, हे सामान्य प्रेक्षकाला उमगेल अशा रीतीने मांडणे हे या चित्रपटाचे सर्वांत मोठे मोल होय.

ऐतिहासिकता : काही घटनांचा क्रम व कालावधी नाट्यासाठी बदलला आहे. ह्यूजचा पहिला विवाह व उत्तरायुष्य वगळले आहे. लॉकहीड कॉन्स्टेलेशन या विमानाच्या घडणीतील त्याच्या वाट्याबाबत मतभेद आहेत. आराखडा लॉकहीडच्या अभियंत्यांचा होता.

रंगयोजना : आरंभीच्या भागात जुन्या द्विरंगी टेक्निकलरचा भास, त्यामुळे वाटाणे निळसर दिसतात. पुढे त्रिरंगी पद्धतीचा गडदपणा येतो.

संगीत : हॉवर्ड शोर.

पुरस्कार : ऑस्करची ११ नामांकने, ५ पारितोषिके : साहाय्यक अभिनेत्री (ब्लँचेट), छायाचित्रण, संकलन, कलादिग्दर्शन व वेशभूषा. बाफ्टा सर्वोत्कृष्ट चित्रपट.

भारतीय संदर्भ : चित्रपटात नाही. तथापि टीडब्ल्यूएसाठी आकारास आलेल्या कॉन्स्टेलेशनच्याच पुढील आवृत्तीतील ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे उड्डाण केले आणि एअर इंडिया इंटरनॅशनलची सेवा सुरू झाली.