बदलीचा हुकूम आणि बदलीचा हक्क

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले किंवा जात आहे, त्यांना 'बदली' या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळा जवळ आला की कचेरीच्या व्हरांड्यात कंड्या पिकू लागतात. अमका दिल्लीस जाणार, तमक्याची पाठवणी शिलाँगला होणार, अशा वार्ता हुकूम निघण्यापूर्वीच घरोघर पोहोचतात आणि मुलांच्या शाळेपासून भाड्याच्या घरापर्यंत सारेच टांगणीला लागते. नेमक्या याच दिवसांत इंग्लंडात आणि युरोपातील अन्य देशांत फुटबॉलच्या जगातही बदल्यांच्या वार्तांना ऊत येतो. मैदाने ओस असतात, सामने नसतात, आणि वर्तमानपत्रांचे रकाने तर भरावयाचे असतात. मग कोण कोणता क्लब सोडणार, कोणासाठी किती लाख मोजले जाणार, याची चर्चा रंगते. रसिक ती चवीने वाचतो. परंतु स्वतःचा आवडता खेळाडू निघाला की त्यालाच फितूर म्हणून मोकळा होतो.

या फितुरीच्या आरोपामागील इतिहास थोडा उलगडून पाहावा, असा आमचा हेतू आहे. कारण ज्या जाण्याला आज आपण खेळाडूचा लोभ समजतो, ते जाण्याचे स्वातंत्र्य मिळविण्यास त्याला सुमारे शंभर वर्षे लागली.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळण्यास १८८५ साली मान्यता दिली. तोवर हा व्यवहार चोरून चाले. गिरण्यांच्या गावांतले क्लब स्कॉटलंडमधून कसबी खेळाडू आणीत, त्यांना नावापुरते काम देत आणि शनिवारी मैदानात उतरवीत. १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. आरंभी खेळाडूची नोंदणी एका हंगामापुरती असे. हंगाम संपला की तो आपल्या मर्जीने दुसरीकडे जाई. अशाने श्रीमंत क्लब सगळे चांगले गडी उचलून नेतील आणि लहान गावांचे संघ उजाड होतील, अशी भीती लीगच्या चालकांना वाटू लागली. ही भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. तिच्यावर तोडगा म्हणून १८९३ च्या सुमारास जी पद्धत रूढ झाली, तिला मराठीत 'राखण्याची व सोडण्याची पद्धत' असे नाव देता येईल.

तिचे स्वरूप असे होते. हंगामाच्या अखेरीस प्रत्येक क्लब दोन याद्या करी. एका यादीत ज्यांना ठेवावयाचे त्यांची नावे, दुसरीत ज्यांना किंमत घेऊन सोडावयाचे त्यांची. राखलेल्या खेळाडूला पुढील वर्षाचा करार देऊ केला जाई. त्याने तो नाकारला, तर जुना करार ३० जूनला संपे आणि त्याबरोबर पगारही संपे. मात्र त्याची नोंदणी क्लबाच्या हातीच राही. त्या नोंदणीवाचून लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबाला त्याला खेळविता येत नसे. म्हणजे नोकरी सुटली तरी धनी सुटत नसे! पगार न देता माणूस बांधून ठेवण्याची ही युक्ती ज्याने शोधून काढली, त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे की त्याच्या मनाची कीव करावी, हे ठरविणे कठीण आहे.

याच्या जोडीला १९०१ साली दुसरे बंधन आले. कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा अधिक वेतन देऊ नये, असा नियम झाला. चारच वर्षांनी, १९०५ च्या फेब्रुवारीत, खालच्या विभागात घसरण्याच्या भीतीने घेरलेल्या मिडल्सब्रो क्लबाने संडरलँडकडून आल्फ कॉमन नावाचा खेळाडू एक हजार पौंडांना घेतला. एका माणसासाठी चार आकडी रक्कम मोजली गेल्याचे पाहून त्या काळी मोठी ओरड झाली. ओरड करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट मात्र फारशी आली नाही. हजार पौंड एका क्लबाच्या तिजोरीतून दुसऱ्या क्लबाच्या तिजोरीत गेले. ज्याच्या पायांची ही किंमत होती, त्याच्या वेतनाला चार पौंडांची मर्यादा कायमच राहिली.

१९०७ साली मँचेस्टर येथे खेळाडूंनी आपली संघटना उभी केली. तिने न्यायालयाचे दारही ठोठावून पाहिले. हर्बर्ट किंगाबी या खेळाडूला ॲस्टन व्हिला क्लबाने आपल्या यादीत अडकवून ठेवले होते. त्याचा दावा १९१२ साली चालला आणि तो हरला. खटल्याच्या खर्चाने संघटनेचे कंबरडे मोडले आणि हा प्रश्न पुन्हा न्यायासनापुढे येण्यास अर्धशतक लोटले.

मध्यंतरी एकदा मात्र या बंदिस्त गोठ्याची एक फळी अवचित निखळली. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात १९४८ साली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तिचे तेथल्या फुटबॉल महासंघाशी लौकरच बिनसले. ती जागतिक संघटनेच्या बाहेर पडल्याने दुसऱ्या देशांतील क्लबांना खेळाडूची किंमत देण्याचे बंधन तिच्यावर उरले नाही. त्याच सुमारास अर्जेंटिनात खेळाडूंचा संप चालू होता. तेथून डी स्तेफानोसारखे अव्वल दर्जाचे खेळाडू १९४९ साली बोगोता येथील मिल्योनारिओस क्लबाकडे गेले. पुढच्याच उन्हाळ्यात या वाऱ्याची झुळूक इंग्लंडपर्यंत पोहोचली. स्टोक सिटीचे नील फ्रँकलिन व जॉर्ज माउंटफर्ड आणि मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटन हे तिघे बोगोताच्या सांता फे क्लबात दाखल झाले. मिटन त्या वेळी आपल्या संघासमवेत अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. सहकारी मायदेशी परतले आणि हा न्यूयॉर्कहून बोगोतास गेला.

फ्रँकलिन हा त्या काळी इंग्लंडच्या बचावफळीचा कणा समजला जाई. ब्राझीलमधील विश्वचषक स्पर्धा तोंडावर आलेली असताना तो निघून गेला आणि त्याच्यावाचून खेळणाऱ्या इंग्लंडचा २९ जून १९५० रोजी अमेरिकेसारख्या नवख्या संघाने एक गोलने पराभव केला. फ्रँकलिनला बोगोता मानवले नाही. काही आठवड्यांतच तो परतला. त्याला निलंबित करण्यात आले, पुढे दुसऱ्या विभागातील हल सिटीला विकण्यात आले आणि इंग्लंडच्या संघात त्याला पुन्हा कधीही स्थान मिळाले नाही. मिटन वर्षभर राहून आला. त्याला सहा महिन्यांची बंदी आणि अडीचशे पौंड दंड झाला. वर्तमानपत्रांनी या मंडळींना 'बोगोताचे लुटारू' अशी पदवी बहाल केली. कराराची मुदत संपल्यावर अधिक मोल देणाऱ्या धन्याकडे जाणे ही लूट असेल, तर जगातील बहुतेक कारागिरांना दरोडेखोरच म्हणावे लागेल!

आता आपण दहा वर्षे पुढे, न्यूकॅसल या इंग्लंडच्या ईशान्येकडील खाणींच्या आणि जहाजबांधणीच्या मुलखातील शहरात येऊ. न्यूकॅसल युनायटेडने १९५१, १९५२ आणि १९५५ अशा तीन वर्षी एफ. ए. चषक जिंकला होता आणि शहराचा जीव त्या संघात गुंतलेला होता. जॉर्ज ईस्टहॅम हा तेथील कुशल आक्रमक खेळाडू. त्याचे वडीलही इंग्लंडकडून खेळलेले. १९५६ साली आयर्लंडमधील आर्ड्स क्लबातून तो नऊ हजार पौंडांना येथे आला होता. क्लबाने राहावयास दिलेले घर, फावल्या वेळासाठी लावून दिलेले काम आणि तरुणांच्या राष्ट्रीय संघाकडून खेळण्याच्या बाबतीत घेतलेली आडकाठी, या तिन्हींविषयी त्याची तक्रार होती. १९६० च्या उन्हाळ्यात करार संपताच त्याने दुसरीकडे जाऊ देण्याची विनंती केली. क्लबाने ती फेटाळून त्याचे नाव राखलेल्यांच्या यादीत घातले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कमाल वेतन त्या वेळी हंगामात वीस आणि उन्हाळ्यात सतरा पौंड होते व ते सर्वत्र सारखेच होते. तेव्हा दुसऱ्या क्लबात जाऊन ईस्टहॅमला उघड उघड अधिक पगार मिळण्यासारखा नव्हता. प्रश्न होता तो जाण्याच्या हक्काचा. त्याने नव्या करारावर सही केली नाही. पगार बंद झाला. तो दक्षिण इंग्लंडात गेला आणि एका स्नेह्याच्या धंद्यात बुचाचा माल विकू लागला. राष्ट्रीय दर्जाचा खेळाडू ऐन चोविसाव्या वर्षी नमुन्यांची पेटी घेऊन गिऱ्हाइके शोधीत फिरतो आहे, आणि त्याची नोंदणी शेकडो मैलांवर एका कपाटात बंद आहे, असे ते विलक्षण दृश्य होते. ना तो न्यूकॅसलचा होता, ना अन्य कोणाचा. त्रिशंकूची अवस्था म्हणतात ती हीच.

आणि याच वेळी न्यूकॅसल संघाचा व्यवस्थापक कोण होता? तोच चार्ली मिटन, दहा वर्षांपूर्वीचा 'बोगोताचा लुटारू'. नियतीने योजिलेला हा योग एखाद्या नाटककाराने योजिला असता, तर टीकाकारांनी त्याला कृत्रिम ठरविले असते. मिटनच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल, याविषयी आम्ही तर्क करीत नाही. खरी सत्ता संचालक मंडळाच्या हाती होती आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला खुर्चीची भाषा बोलावी लागते, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

अखेर १९६० सालच्या शरद ऋतूत न्यूकॅसलने हट्ट सोडला आणि ४७,५०० पौंड घेऊन ईस्टहॅमला लंडनच्या आर्सेनल क्लबाच्या हवाली केले. त्या हंगामाच्या शेवटी न्यूकॅसलचा संघ पहिल्या विभागातून खाली घसरला. घसरगुंडीची कारणे अनेक असतील. पण मनाविरुद्ध धरून ठेवलेला माणूस संघ तारीत नाही, एवढे तरी त्यावरून दिसले.

याच हिवाळ्यात जिमी हिल याच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची हाक दिली आणि १९६१ च्या जानेवारीत कमाल वेतनाचा नियम रद्द झाला. त्याच वर्षी फुलहॅम क्लबाने आपल्या जॉनी हेन्स या कर्णधाराला आठवड्याला शंभर पौंड दिले. आर्सेनलमध्ये ईस्टहॅमचा संसार सुखाने चालू होता. तक्रार मिटली म्हणून तो गप्प बसला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु संघटनेच्या पाठबळाने त्याने न्यूकॅसलविरुद्धचा दावा पुढे चालविला. ४ जुलै १९६३ रोजी न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला. करार संपल्यानंतरही खेळाडूला अडकवून ठेवून त्याच्यासाठी किंमत मागणारी ही एकत्रित पद्धत म्हणजे त्याच्या पोटापाण्याच्या व्यवसायावरील अवाजवी निर्बंध आहे, असे त्यांनी ठरविले. बंद काळातील पगाराची ईस्टहॅमची मागणी मात्र मान्य झाली नाही. त्याच्या पदरात पैसा पडला नाही. पडले ते एक तत्त्व, आणि तेही त्याच्यामागून येणाऱ्यांच्या उपयोगाचे.

याच १९६० सालच्या उन्हाळ्यात आपल्या देशाचा फुटबॉल संघ रोम ऑलिंपिकच्या तयारीत होता. त्याचे नायकत्व प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्याकडे होते. मोहन बागान व ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या मातब्बर क्लबांचे वैभव डोळ्यांसमोर असूनही बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेच्या संघाकडूनच खेळत राहिले आणि १९५८ साली त्या संघाने कलकत्ता लीगही जिंकली. आपल्याकडे खेळाडू नावाने हौशी असे. त्याला पोसणारी आणि बांधून ठेवणारी होती ती नोकरी. मात्र या दाव्यात आणि त्या दाव्यात फरक होता. रेल्वेची नोकरी खेळाचे दिवस सरल्यावरही माणसाला पोसत असे. इंग्लंडातील नोंदणी पाय थकताच त्याला मोकळा करी.

निकालानंतरही खेळाडूंची वाट सरळ नव्हती. करार संपलेल्या खेळाडूसाठी किंमत मागण्याची चाल युरोपात पुढेही चालू राहिली. बेल्जियमच्या लीज क्लबाचा जाँ-मार्क बॉसमन १९९० साली असाच अडकला. त्याने दाद मागितली आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने, युरोपीय संघातील खेळाडू करार संपताच दुसऱ्या सदस्य देशातील क्लबाकडे विनामूल्य जाऊ शकतो, असा निर्णय दिला. पुढे २००१ साली जागतिक संघटनेने नियम बदलून संघबदलाला वर्षातले दोनच ठरावीक काळ मोकळे ठेवले. इंग्लंडात ते २००२-०३ च्या हंगामापासून लागू झाले. त्यामुळे पूर्वी वर्षभर विखुरलेले व्यवहार उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत दाटले आणि वदंतांना हंगाम लाभला. कॉमनचे हजार पौंड ऐकून दचकलेल्या जगाने २०१७ साली नेमारसाठी पॅरिसच्या क्लबाने बार्सिलोनाला दिलेले बावीस कोटी वीस लक्ष युरोही पाहिले.

या पैशाच्या पुराने अनिष्ट गोष्टी घडल्या नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. लहान गावांचे संघ उजाड होतील, ही १८९३ सालची भीती आज पुष्कळ अंशी खरी ठरली आहे. परंतु त्या भीतीवरचा जुना उपाय सगळा भार एकट्या खेळाडूच्या खांद्यावर टाकणारा होता, हेही विसरता येत नाही. ईस्टहॅम पुढे स्टोक सिटीकडे गेला आणि १९७२ सालच्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, विजयाचा गोल त्याने केला. २०२४ च्या डिसेंबरात, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो निवर्तला. आज कोटींच्या करारांवर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

आपण सारे हुकमाचे ताबेदार. बदलीचा कागद आला की सामान बांधावे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे आणि राजीनामा देऊन मोकळे होण्याची वाट आपल्याला निदान कागदोपत्री तरी आहे. ईस्टहॅमला तीही नव्हती. तेव्हा येत्या उन्हाळ्यात कोणी खेळाडू क्लब सोडून निघाल्याचे वाचून मन खट्टू झाले, तर अवश्य हळहळावे. रसिकाचा तो अधिकारच आहे. फितूर हा शब्द मात्र ओठांवर येण्यापूर्वी बुचाचे नमुने घेऊन दारोदार हिंडणाऱ्या त्या चोवीस वर्षांच्या तरुणाची आठवण करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.