समुद्राची वॅगन

1930 साली शिकागोत शेड मत्स्यालय उघडलं, तेव्हा त्यातलं खारं पाणी रेल्वेनं आलं होतं. फ्लोरिडातल्या की वेस्टहून वीस टाकी-वॅगनची गाडी, आणि तिच्या आठ खेपा. एकूण दहा लाख गॅलन, म्हणजे अडतीस लाख लिटरच्या आसपास. आमच्या भागातल्या माणसाला असली गाडी समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. इथं माणसांना प्यायला गोडं, तिथं माशांना पोहायला खारं. यावर रागवावंसं वाटतं, पण मी स्वतः फिशटँकच्या धंद्यात आहे, तेव्हा मला तो अधिकार नाही.

मी मुखेडचा. काचेच्या टाक्या बनवतो, बसवतो, सिलिकॉन सुटलं तर पुन्हा भरून देतो. गोल्डफिश, गप्पी, फार तर फ्लॉवरहॉर्न, एवढाच इथला बाजार. यंदा एका डॉक्टरसाहेबांनी दवाखान्यासाठी खाऱ्या पाण्याचा टँक मागितला, आणि तोही माशांचा नाही, सॉफ्ट कोरलचा, म्हणजे मऊ प्रवाळांचा. मुखेडहून सरळ रेषेत मोजलं तरी चारशे किलोमीटरांच्या आत समुद्र नाही. म्हणून मी आधी काच कापली नाही, जुन्या लोकांनी हे कसं जमवलं ते वाचत बसलो.

प्रवाळ दख्खनला नवं नाही म्हणा. सराफाकडे मंगळासाठी जे लाल पोवळं मिळतं, त्याचं मूळ गाव भूमध्य समुद्र. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी ते गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे घेत. हे पोवळं घडवणारा जीव सॉफ्ट कोरलच्याच कुळातला, आठ भुजांचा. फक्त तो आपल्याकडे कायम मेलेला आला. जिवंत प्रवाळ भांड्यात ठेवून बघणारा पहिल्या काहींतला माणूस म्हणजे इटालियन अभ्यासक मार्सिग्ली. 1706 च्या सुमारास त्यानं ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली, तिच्यावर पांढरी, आठ पाकळ्यांची फुलं उमलली, आणि त्यानं प्रवाळाला वनस्पती ठरवून टाकलं. वीसेक वर्षांनी मार्सेचा पेसोनेल नावाचा डॉक्टर म्हणाला, ही फुलं नाहीत, प्राणी आहेत. पॅरिसच्या अकादमीत रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं ते मत मांडलं, पण कुणाचं ते सांगितलं नाही; बिचाऱ्याचं हसं होऊ नये म्हणून! डॉक्टर मंडळींचं प्रवाळांशी नातं असं जुनं आहे.

मला मात्र खरी माणसं वाटतात ती ॲना थिन आणि तिची मोलकरीण. 1846 मध्ये थिनबाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळं लंडनला घरी आणली. प्रवासासाठी ती सुई-दोऱ्यानं स्पंजाला शिवली होती. घरी काचेच्या भांड्यात ठेवली, किनाऱ्यावरून पाणी मागवत राहिल्या. पण साठवलेलं पाणी शिळं होतं, त्याला हवा लागते. मग मोलकरणीनं उघड्या खिडकीपाशी उभं राहायचं आणि ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं, एका वेळी अर्धा-पाऊण तास. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्री शेवाळ घातलं, तेव्हा कुठं प्राणवायूचा थोडा भार त्यानं उचलला. इतिहासात थिनबाईंचं नाव आहे. हात कुणाचे दुखले ते उघड आहे.

निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉसनं 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उभं करायला मदत केली, आणि 1854 मध्ये घरी समुद्र बनवायची कृती छापली: खायचं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड. चुन्याचा अंश किरकोळ म्हणून त्यानं सोडून दिला. दगडी सांगाडा बांधणारी प्रवाळं चुन्यावरच जगतात, तेव्हा ही कृती अर्धीच होती. तरी समुद्र मोजून-मापून बनवता येतो, हे त्यानं दाखवलं.

आपल्याकडे तशी गरजच पडली नाही. मद्रासचं मत्स्यालय 1909 चं, मरीनावर. मुंबईचं तारापोरवाला 1951 चं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलेलं, मरीन ड्राइव्हवर. दोन्ही दारात समुद्र घेऊन बसलेली होती. मराठवाड्यातून मुंबई बघायला जाणारा माणूस राणीची बाग, गेटवे आणि तारापोरवाला करून यायचा, आणि समुद्री मासा समुद्राकाठीच बघायचा असतो असं समजून परतायचा.

शिकागोसारख्या वॅगनची गरज संपवली ती 1960 च्या दशकात ओहायो राज्यात तयार झालेल्या सॉल्ट मिक्सनं. ओहायोही समुद्रापासून लांबच. पिशवी फोडा, पाण्यात घोळा, समुद्र तयार. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं डॉक्टरांच्या दोनशे लिटरला सातेक किलो मीठ लागलं. अट एकच, पाणी कोरं हवं. आमच्या बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, त्यामुळे आरओ लावला. त्यानं सोडलेलं खारट पाणी डॉक्टरसाहेबांच्या घरी फरशी पुसायला जातं.

मीठ विरघळलं की काम झालं, असं गिऱ्हाइकाला वाटतं. खरी तयारी तिथून पुढं. माशांची घाण, सडकं शेवाळ यांतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू विनोग्राडस्की नावाच्या शास्त्रज्ञानं 1890 च्या आसपास शेतातल्या मातीतून वेगळे काढले, मत्स्यालयाशी त्याचा काही संबंध नव्हता. जकार्ताच्या ली चिन एंगनं 1961 मध्ये लिहिलं की, प्रवाळ भिंतीचा जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्याचा टँक चालतो. खडकाच्या छिद्रांत ती सगळी जिवाणू-वस्ती आयती आलेली असते. पुढं जर्मन लोकांनी त्याला फेस काढणारा स्किमर जोडला.

आपल्याला ली साहेबांची वाट मोकळी नाही. खडक बांधणारी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि जिवंत खडक म्हणजे मुळात प्रवाळांचे सांगाडे. मला हा कायदा योग्य वाटतो. दवाखान्याच्या भिंतीसाठी मालवणचा समुद्र खरवडायचं कारण नाही. म्हणून कारखान्यात बनवलेला कोरडा सच्छिद्र दगड घेतला, त्यावर बाटलीतले जिवाणू सोडले, आणि वाट बघतोय. मधे काचेवर तपकिरी थर आला. डॉक्टर म्हणाले, "टँक बिघडला की हो!" म्हटलं, बिघडला नाही साहेब, पिकतोय. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय मी एकही जीव आत सोडणार नाही. मग पहिलं येईल ते कागदपत्रांसकट, टँकमध्येच वाढवलेलं मश्रूम किंवा लेदर कोरल. चुकांना माफ करणारी जात आहे ती. ते दिवाळीच्या आधी का नाही, हे डॉक्टरांना अजून पटलेलं नाही.

मोलकरणीचं काम आता वेव्ह मेकर करतो. उन्हाळ्यात पाणी सव्वीस अंशांच्या वर जाऊ नये म्हणून टँक एसीच्या खोलीत ठेवला आहे. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी लसींचा फ्रीज, मग टँक. इन्व्हर्टरही दमला तर काय करायचं ते मी कंपाउंडरला सांगून ठेवलंय: मगानं पाणी उचलायचं, वरून ओतायचं, लाइट येईपर्यंत. मग प्लास्टिकचा. तांब्याचं भांडं त्या खोलीतच आणायचं नाही, कारण तांब्याचा अंश उतरला की कोरल मरतं.